रक्ताची काचपट्टी आणि फॉर्मॅलिनची वाफ

आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा हा परिसर डोंगराळ व वनाच्छादित असून सुप्रसिद्ध कुंतला धबधबा येथूनच जवळ आहे. अशा वनप्रदेशात हिवतापाचा धोका अधिक असतो. तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर त्याचे दोन लेप केले जातात. जाड लेपात थोडे जंतूही सापडतात. पातळ लेपावरून जंतूंचा प्रकार ओळखता येतो. याच तेलंगण राज्यातील सिकंदराबाद येथे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूची वाढ पाहिली होती.

जंतू ओळखण्यासाठी लेपास जिम्सा रंग देतात. या रंगाने जंतूचे केंद्रक तांबडे व उर्वरित भाग निळा दिसतो. परंतु लेपाजवळ फॉर्मॅलिनची बाटली असेल, तर हे काम बिघडते. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातील द्रावण होय. त्याची वाफ लेपातील प्रथिने घट्ट करते. मग जाड लेपातील तांबड्या पेशी पाण्यात फुटून विरघळत नाहीत, सर्वत्र निळसर-हिरवट छटा येते आणि जंतू त्यात झाकले जातात. मिथेनॉलची वाफही जाड लेपास अशीच बाधक ठरते. म्हणून मिथेनॉल केवळ पातळ लेपासच लावावयाचे असते. बिघडलेला लेप पूर्ववत करता येत नाही. जंतू असूनही ते दिसले नाहीत, तर रुग्णाचा उपचार लांबतो व डासांमार्फत रोग इतरांस होण्याचा संभव राहतो.

याकरिता पुढील दक्षता घेणे इष्ट आहे. काचपट्ट्या व फॉर्मॅलिनमधील मांसखंड एकाच पिशवीत वा एकाच खोक्यात पाठवू नयेत. बंद झाकणातूनही वाफ झिरपू शकते. दोन्ही कामांच्या जागा स्वतंत्र असाव्यात. लेप सावलीत, खेळत्या हवेत वाळवावेत. उष्णतेनेही जाड लेप घट्ट होतो. वाळल्यानंतर काचपट्ट्या शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवाव्यात. शाळेत तपासणी शिबिर भरल्यास, जेथे बेडूक, साप इत्यादी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात ती विज्ञानाची खोली शिक्षकांनी या कामासाठी देऊ नये.

ही वाफ मनुष्यासही अपायकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. बाटली वेगळी ठेवल्याने रुग्णाचे निदान व कर्मचाऱ्याचे आरोग्य, दोहोंचेही रक्षण होते. लेप बिघडल्याचे आढळल्यास कर्मचारी पुन्हा रक्त मागतील. ग्रामस्थांनी ते निःशंकपणे द्यावे.