दीर्घ आजार आणि कामाची जागा

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या काठी असलेले वारजे हे एके काळचे शेतीचे गाव. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गाच्या आसपास येथील वस्ती झपाट्याने वाढली. भल्या पहाटे येथून कोणी कारखान्याच्या पहिल्या पाळीला, कोणी बांधकामावर, कोणी कचेरीत, तर कोणी घरकामासाठी बाहेर पडतात. जेवणाच्या डब्याबरोबर त्यांच्यापैकी कित्येकांच्या पिशवीत औषधाच्या गोळ्याही असतात.

मधुमेह, दमा, अपस्मार, क्षयरोग, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, एचआयव्हीचा संसर्ग हे आजार काही महिने, काही वर्षे, तर काही जन्मभर माणसाची सोबत करतात. नियमित उपचार चालू असल्यास यांपैकी पुष्कळ रुग्ण आपले काम चोख करू शकतात. तरीही ते आजार लपवितात. ‘मालकाला कळले तर नोकरी जाईल’ ही धास्ती त्यामागे असते. मग चारचौघांत नको म्हणून इन्सुलिनचे इंजेक्शन टळते, रजा मागावी लागेल म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, क्षयरोगाच्या औषधात खंड पडून रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात. आजार जितका बळावतो, तितकेच दडविलेल्या आजाराचे भयही वाढते. म्हणून आजारी कामगाराला द्यावयाचा पहिला आधार औषधाचा नसून निर्भयतेचा आहे.

उच्च न्यायालयाचा निर्णय

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच मार्ग दाखवून दिला आहे. एका सार्वजनिक महामंडळात हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाला एचआयव्हीचा संसर्ग आढळला. तो काम करण्यास समर्थ असतानाही त्याला काम नाकारण्यात आले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून ‘एमएक्स’ या सांकेतिक नावाने त्याला दाद मागू देण्यात आली. जो मनुष्य नेमून दिलेले काम करू शकतो आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना विशेष धोका नाही, त्याला केवळ संसर्गाच्या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आजाराचे नाव काय, हा खरा प्रश्न नाही; हा मनुष्य आज हे काम करू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे, हेच या निर्णयाचे सार होय.

कायद्याचे संरक्षण

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ नुसार नोकरी देण्यापूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संसर्गाची माहिती गुप्त राखण्याचे बंधनही या कायद्यात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचाही समावेश आहे. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते.

राज्य कामगार विमा योजनेचा आधारही मोठा आहे. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या या योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने रोख लाभ मिळतो. क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, पुरेशी सेवा व वर्गणी असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. तथापि घरकाम करणाऱ्या स्त्रिया, नाक्यावरचे मजूर आणि लहान दुकानांतील नोकर यांच्यापर्यंत हे छत्र सहसा पोचत नाही. तेथे मालकाचा समंजसपणा हाच आधार ठरतो.

थोडी सोय, मोठा लाभ

या समंजसपणाला फारसा खर्च येत नाही. मधुमेही कामगाराला जेवणाची वेळ सांभाळता यावी. दमेकऱ्याला धूळ व उग्र रसायने यांपासून दूरचे काम द्यावे. अपस्माराच्या रुग्णाला उंच परातीवर किंवा उघड्या यंत्रावर न ठेवता जमिनीवरचे सुरक्षित काम सोपवावे. डायलिसिस घेणाऱ्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा सुमारे चार तास लागतात. पाळी बदलून दिल्यास त्याची नोकरी टिकू शकते. क्षयरोग्याने संसर्गाचा काळ संपल्यावर डॉक्टरांच्या दाखल्यानिशी कामावर परत यावे आणि इतरांनी त्याला पूर्ववत आपल्यात घ्यावे.

सहकाऱ्यांनीही दोन गोष्टी शिकून ठेवाव्यात. मधुमेह्यास एकाएकी घाम सुटला, हात कापू लागले, बोलण्यात गोंधळ झाला, तर तो शुद्धीवर असेतो साखर किंवा गोड पेय द्यावे; शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे. फिट आलेल्या माणसाला कांदा अथवा चप्पल हुंगवू नये, दाबून धरू नये, दातांत चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, भोवतालच्या धारदार वस्तू दूर कराव्यात आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास रुग्णालयात हलवावे.

आजाराची माहिती कोणाला व किती द्यावयाची, हे रुग्णानेच ठरवावे. ती ज्याच्यापाशी पोचेल त्याने ती चहाच्या टपरीवर नेऊ नये. औषध वेळेवर घेणे आणि तपासणी न चुकविणे ही रुग्णाची जबाबदारी होय. त्यासाठी सवड देणे ही कामावर ठेवणाऱ्याची.

अनुभवी हात आजारपणामुळे गमावला, तर नुकसान कामगाराचे होते, तसेच धंद्याचेही होते. वारज्याहून पहाटे निघणाऱ्या कामगाराला आपल्या पिशवीतील गोळ्या लपवाव्या लागणार नाहीत, तेव्हाच हे कायदे कामाच्या जागेपर्यंत पोचले असे म्हणता येईल.