निकाहनाम्यातली एक ओळ

पहाटेचे पावणेचार. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात एकेका घरातला दिवा लागू लागतो. मोबाइलचे गजर वाजतात, पण काही स्वयंपाकघरांतून त्याआधीच भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. अशाच एका घरात तेवीस वर्षांची मुलगी तव्यापाशी बसली आहे आणि तिची अम्मी परातीपाशी. भाकरी, दही, शेंगाचटणी आणि रात्रीचा थोडा खिमा, अशी सहरीची तयारी चालली आहे. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या अब्बांना उठवायचे आहे. धाकट्या भावाला तीनदा हाक मारावी लागणार आहे.

भाऊ शेवटच्या वीस मिनिटांत उठतो, जेवतो, पाणी पितो, रोजाची नियत करतो आणि अब्बांबरोबर मशिदीत जातो. तोवर मायलेकींनी उभ्या उभ्याच चार घास खाल्लेले असतात. भांडी घासून, नमाज पढून मुलगी पुन्हा अंथरुणावर पडते तेव्हा तिच्या मनात दर वर्षी येणारा विचार येतो. रोजा चौघांचा सारखाच आहे, पण रमजानचे काम सारखे का नाही?

ती बी.एड. झाली आहे आणि शहरातल्या एका शाळेत शिकवते. कॉलेजात स्त्रीवाद हा शब्द तिने परीक्षेपुरता वाचला होता. तेव्हा तो मोर्चे आणि घोषणांचा शब्द वाटला. आता तो तिला तव्यापाशी, बसस्टॉपवर, दुकानाच्या आरशासमोर भेटतो. भाऊ चिडवतो, "आपा लीडर होणार!" ती हसते. लीडर व्हायचे तिच्या मनातही नाही. तिला फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत.

एका मुलीने लपवायचे, एकीने दाखवायचे

दर महिन्याच्या त्या दिवसांत स्त्रीने रोजा ठेवायचा नसतो. ही बंदी म्हणून नाही, सवलत म्हणून दिली आहे. सुटलेले रोजे नंतर वर्षभरात सवडीने पुरे करायचे, त्यांना कजा म्हणतात. त्या दिवसांतल्या नमाजा तर पूर्ण माफ आहेत, त्या भरून काढाव्या लागत नाहीत. धर्माने इतक्या मोकळेपणाने सांगितलेली ही गोष्ट घरात मात्र कुणी उच्चारत नाही. रोजा नसला तरी ती सहरीला उठते, सगळ्यांबरोबर बसते. दुपारी तहान लागली की स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन पाणी पिते. एकदा भावाने पाहिले आणि विचारले, "आपा, रोजा तुटला का?" अम्मीने विषय बदलला. त्या क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली आणि नंतर त्या लाजेचा राग आला.

शेजारच्या घरातली तिची मैत्रीण पद्मशाली समाजातली. दोघींच्या आया विड्या वळतात आणि दोघी एकाच बसने शहरात जातात. मैत्रिणीच्या घरी त्या दिवसांत बाजूला बसावे लागते, देवघराकडे जायचे नाही, लोणच्याला हात लावायचा नाही. म्हणजे घरात आलेल्या पाहुण्यालाही कळते. इकडे शिवाशीव नाही. ती स्वयंपाक करते, सगळे तिच्या हातचे खातात. प्रेषित मुहम्मद (स.) त्या दिवसांतही हजरत आयेशा (र.) यांच्या उष्ट्या भांड्यातून, त्यांनी ओठ लावलेल्या जागेवरूनच पाणी पीत, अशी नोंद हदीसमध्ये आहे. पण रोजा नसल्याचे कुणाला कळता कामा नये. दोघी मैत्रिणी बसमध्ये यावर खूप हसल्या. एकीला दाखवावे लागते, एकीला लपवावे लागते. हसून झाल्यावर दोघी थोडा वेळ गप्प बसल्या.

यंदा तिने एक केले. पहिल्याच दिवशी अम्मीला सांगितले, "आज माझा रोजा नाही, आणि मी दार लावून पाणी पिणार नाही." अब्बांच्या समोर बसून खाण्याचा तिचा विचार नव्हता, रोजेदाराचा मान ठेवायलाच हवा. पण घोटभर पाण्यासाठी चोरासारखे वागायचे नाही, एवढेच तिने ठरवले. अम्मी काही बोलली नाही. दुपारी मात्र तिने स्वतःच माठातून पेला भरून मुलीच्या हातात दिला.

विडीचा हात आणि घराचा कागद

अम्मी रोजातही विड्या वळते. सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पाने. पान घ्यायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. सरावाच्या हातालाही हजार विड्यांना अख्खा दिवस लागतो. तंबाखूचा वास डोक्यात चढतो आणि रोजात घोटभर पाणीही घेता येत नाही. सोलापुरात अशा हजारो स्त्रिया आहेत. तेलुगू बोलणाऱ्या, दखनी बोलणाऱ्या, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या कमाईवर मुलांच्या फिया भरल्या गेल्या, तरी "घर कोण चालवतं?" असे विचारले की बोट पुरुषाकडे जाते.

हे घर मात्र अम्मीच्या नावावर आहे. 2006 मध्ये इथे विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेली दहा हजार घरे दिली गेली. मुलगी तेव्हा लहान होती. विडी वळणाऱ्या बाईच्या नावाचा कागद ही नातेवाइकांना नवलाची गोष्ट वाटली होती, हे ती मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकत आली. तिच्या अम्मीने स्त्रीवाद हा शब्द कधी उच्चारलेला नाही. पण घरपट्टीची पावती ती पत्र्याच्या पेटीत, कुराण शरीफच्या गिलाफाशेजारी ठेवते.

कमावणारी स्त्री ही इस्लामच्या इतिहासात परकी बाई नाही, हे रमजानमध्ये विशेष आठवते. हजरत खदीजा (र.) या मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या. प्रेषित तरुणपणी त्यांचा माल घेऊन व्यापाराला गेले होते. त्यांच्या सचोटीने प्रभावित होऊन लग्नाचा प्रस्ताव खदीजांकडूनच गेला. प्रेषितत्व मिळाल्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवला तोही त्यांनीच. त्यांचे निधन रमजानच्याच महिन्यात झाल्याचे इतिहासकार सांगतात.

आणखी एक गोष्ट तिने भावाला ऐकवली. प्रेषित घरात काय करत असत, असे हजरत आयेशांना कुणी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. स्वतःचे जोडे सांधणे, कपडे शिवणे हेही ते करत. "दाढी ठेवणं सुन्नत आहे हे तुला पाठ आहे," ती भावाला म्हणाली, "मग हेही सुन्नतच आहे." भाऊ म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी त्याने फक्त स्वतःचे ताट उचलले. तेही थोडके नव्हते.

केस विंचरताना आलेले उत्तर

नटणे तिला आवडते. विजापूर वेशीतला मीना बाजार रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. बांगड्या, अत्तर, ओढण्या, चपला, शीरखुर्म्याच्या शेवया. गर्दीत सगळ्या समाजाच्या बायका असतात. हिरव्या बांगड्यांसाठी ती दुकानदाराशी दहा रुपयांवरून घासाघीस करते आणि मेंदीचे कोन घेते. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तिला विचारले होते, "समानता म्हणतेस आणि मेंदी कशाला?" ती त्यावर बराच विचार करत होती. मेंदी लावलेल्या हाताने खडू धरता येतो, सहीही करता येते. त्रास मेंदीचा नाही. "बाईच्या जातीला शोभत नाही" असे म्हणून जे हातातून काढून घेतले जाते, त्याचा त्रास आहे.

रोज पारा वाचताना ती उर्दू तर्जुमाही वाचते. यंदा सूरह अल-अहजाबच्या पस्तिसाव्या आयतीपाशी ती थांबली. तिथे दहा गुण सांगितले आहेत आणि प्रत्येक गुणासोबत पुरुष आणि स्त्री असा वेगवेगळा उल्लेख आहे. श्रद्धावान, सत्यवचनी, धीर धरणारे, दान देणारे. त्यातच रोजा ठेवणारे पुरुष आहेत आणि रोजा ठेवणाऱ्या स्त्रियाही. क्षमा आणि मोबदला दोघांना सारखाच.

या आयतीमागची हकीकत तिला त्याहून आवडली. प्रेषितांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा (र.) यांनी त्यांना विचारले होते की, कुराणात पुरुषांचा उल्लेख येतो तसा आम्हा स्त्रियांचा का येत नाही? पुढे एक दिवस त्या केस विंचरत होत्या. मिंबरवरून प्रेषितांचा आवाज ऐकू आला. त्यांनी केस तसेच गोळा केले आणि ऐकायला धावल्या. तेव्हा ही आयत सांगितली जात होती. केस विंचरणारी आणि प्रश्न विचारणारी बाई एकच होती.

कुराणात एका सूरहचे नावच अल-मुजादिला आहे, म्हणजे वाद घालणारी. हजरत खौला (र.) यांच्या नवऱ्याने "तू मला आईसारखी" असे म्हणून त्यांना अधांतरी सोडले होते. त्या काळच्या अरबी रिवाजात असे म्हटले की बायको ना नांदती राहायची, ना मोकळी व्हायची. खौलांनी प्रेषितांपुढे पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे मांडले आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेल्याचे सांगतच ती सूरह सुरू होते. तो रिवाज मोडीत निघाला.

महाराष्ट्रातल्या मुस्लिम स्त्रियांनीही आपले गाऱ्हाणे असेच मांडले. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकच्या विरोधात विधिमंडळावर चालत गेल्या. दलवाईंच्या सगळ्या मतांशी समाज सहमत नव्हता, आजही नाही. पण त्या सात जणींचा प्रश्न खरा होता. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी. मधे 51 वर्षे गेली.

किल्ला आंदणात गेला तेव्हा

तिचा स्वतःचा प्रश्न याच महिन्यात येऊन उभा आहे. शेजारच्या तालुक्यातले स्थळ आले आहे. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. ईदनंतर घरचे बोलणी पक्की करायला येणार आहेत. फक्त त्यांच्या मोठ्या भाभींनी जाता जाता सांगितले, "आमच्यात बायका नोकरी करत नाहीत. तशी गरजच नाही." अम्मीला हे सुख वाटले, कारण तिचे सगळे आयुष्य गरजेपोटी काम करण्यात गेले. मुलीला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

सिद्धेश्वर तलावाच्या काठचा भुईकोट किल्ला तिला बसमधून जाताना दिसतो. वर्गात इतिहास शिकवताना ती मुलांना सांगते की 1564 च्या सुमारास अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा हा किल्ला तिच्या लग्नात आंदण म्हणून गेला. दोन सुलतानांनी सौदा केला. ज्या विजापूरचे नाव आपल्या वेशीला आहे, तिथे ती नवरी होऊन गेली. पुढे विजापुरात लहान वयाच्या राजासाठी तिने कारभार पाहिला आणि 1595-96 मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा तिने तो किल्ला लढवला. किल्ल्यासोबत दिलेल्या मुलीने किल्ला राखला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण त्या लग्नात चांदबीबीला कुणी काही विचारले होते का, हे एका मुलीने मागे विचारले आणि बाईंना उत्तर देता आले नाही.

निकाहात तर विचारणे हीच मुख्य गोष्ट आहे. निकाह हा करार आहे. वधूची संमती साक्षीदारांसमोर घेतली जाते. हुंडा त्यात नाही. मेहर आहे, आणि तो नवऱ्याने बायकोला द्यायचा, तिच्या एकटीच्या मालकीचा. आता आपल्याकडेही मेहर कागदावर चार आकडी राहतो आणि दुसऱ्या दाराने फ्रिज, दुचाकी, रोकड जाते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. करार असल्यामुळे त्यात रास्त अटीही लिहिता येतात. शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा यांबद्दलच्या अटी निकाहनाम्यात घालण्याची सोय शरीयतमध्ये आहे. ही सोय फारशी कुणी वापरत नाही, कारण ती मुलींना सांगितलीच जात नाही.

सत्ताविसाव्या रात्री घरात जाग होती. अब्बा तरावीहहून आले, पाणी प्यायले. ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अब्बा, निकाहनाम्यात एक ओळ घालायची आहे. मी शिकवत राहीन. एवढीच."

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. "लोक म्हणतील, पोरगी आत्तापासून अटी घालते," अम्मी हळूच म्हणाली.

"हे घर तुझ्या नावावर झालं तेव्हा काय म्हणाले होते लोक?" अब्बांनी तिला विचारले. "मला विचारायचे, बायकोच्या घरात राहतोस का? राहतोय की अठरा-वीस वर्षं. काय बिघडलं?" मग मुलीकडे वळून म्हणाले, "लिहून दे. तुझ्या अक्षरात. मी काझीसाहेबांना दाखवतो आणि त्यांच्याकडे मीच बोलतो. पण बेटा, ते नाही म्हणाले तर?"

"तर आपल्याला आधीच कळेल, अब्बा."

तिने वहीचे पान फाडून ओळ लिहिली. अब्बांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. पाहुणे ईदच्या तिसऱ्या दिवशी येणार आहेत. ते काय म्हणतील हे आज कुणालाच माहीत नाही. अम्मीने मात्र कुराण पढायला बसण्याआधी पत्र्याची पेटी उघडली, घरपट्टीची पावती नीट आहे ना ते पाहिले आणि पेटी पुन्हा लावली.

पहाटे पावणेचारला गजर झाला. तवा तापत होता. या वेळी भावाला एकदाच हाक मारावी लागली. डोळे चोळत तो आला आणि दस्तरखान अंथरून चार ताटे मांडली.

"आपा, तू पण बस," तो म्हणाला. "भाकरी निवतात."