स्कॉटलंडमधील पर्जन्य व प्रवास

ग्रेट ब्रिटनच्या उत्तर भागातील स्कॉटलंडमध्ये पावसाळा असा निराळा ऋतू नाही. बाराही महिने कमीअधिक पाऊस पडतो. त्यामुळे प्रवासाच्या दृष्टीने ऋतूपेक्षा दिशेला अधिक महत्त्व आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त पश्चिमी वारे हायलँड्सच्या डोंगररांगांना अडून वर चढतात व प्रतिरोध पर्जन्य देतात. पश्चिम हायलँड्सच्या काही भागांत वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असते. पर्जन्यछायेतील एडिंबरो येथे ते सु. ७०० मिमी. व तेथून पश्चिमेस सु. ७० किमी.वरील ग्लासगो येथे १,१०० मिमी.हून अधिक भरते. एडिंबरोला वसंत व ग्रीष्म ऋतूंत उत्तर समुद्रावरून येणारे ‘हार’ नावाचे दाट धुके अनुभवास येते.

ग्लासगोच्या नागरी जीवनावर पावसाचा ठसा उमटलेला आहे. जलाभेद्य कापडाचे एकस्व १८२३ मध्ये मिळविणारे चार्ल्स मॅकिंटॉश याच शहराचे. येथील आर्गाइल रस्त्यावरील रेल्वेपुलाला ‘हायलँडवाल्याची छत्री’ असे टोपणनाव आहे. हायलँड्समधून शहरात आलेले लोक पूर्वी पावसात त्याच्या आडोशाला जमत असत.

ग्रामीण भागातील मार्गांना पाण्याशी सतत झगडावे लागते. फोर्ट विल्यमपर्यंतचा वेस्ट हायलँड लोहमार्ग १८९४ मध्ये सुरू झाला. रॅनक मूर या विस्तीर्ण दलदलीत पक्का तळ न लागल्याने झाडांची मुळे व फांद्या यांचे थर अंथरून, त्यांवर माती व राख टाकून रूळ जणू तरंगते ठेवण्यात आले. अतिवृष्टीने दरडी कोसळून ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ या खिंडीतील रस्ता वारंवार बंद पडला आहे. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्टोनहेव्हननजीक मुसळधार पावसात निचऱ्याच्या चरातील खडी रुळांवर वाहून आली व गाडी घसरून तीन जण मृत्युमुखी पडले. हा चर मूळ आराखड्यानुसार बांधलेला नव्हता, असे चौकशीत आढळले. अपघात पूर्वेकडील, तुलनेने कोरड्या भागात घडला. यावरून वार्षिक सरासरीपेक्षा थोड्या वेळात पडणारा पाऊस अधिक घातक ठरतो, हे स्पष्ट होते. त्यानंतर अतिवृष्टीच्या वेळी गाड्यांची गती कमी करण्याचे निर्बंध अधिक व्यापक करण्यात आले.

पश्चिम भागात एप्रिल ते जून हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असल्याने प्रवासास सोयीचे ठरतात. तथापि डोंगराळ भागात हवा तासाभरातही पालटते. म्हणून तेथे फिरताना जलाभेद्य व उबदार कपडे सर्व ऋतूंत जवळ बाळगणे आवश्यक असते.