मनगटावरील चुंबक-पट्टा

घरांतील लहानसहान दुरुस्तींत वेळ नेमका कशांत जातो, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पडद्याची दांडी बसवावयाची असो, कुकरचा सैल झालेला दांडा घट्ट करावयाचा असो, किंवा शिवणयंत्राची पट्टी काढून आंत अडकलेला दोरा सोडवावयाचा असो, प्रत्यक्ष स्क्रू फिरविण्यास दोन-चार मिनिटें पुरतात. उरलेला वेळ हातांतून निसटलेला स्क्रू शोधण्यांत जातो. शिडीवर उभ्या असलेल्या मनुष्याचा एक हात दांडी सांवरण्यांत गुंतलेला, दुसऱ्यांत पेचकस. मग खिळे ठेवावे कोठें? खिशांत ठेवले तर नेमक्या वेळीं सांपडत नाहींत, शिडीच्या पायरीवर ठेवले तर घरंगळतात, आणि ओठांत धरले तर एका ठसक्यासरशीं घशांत जाण्याचें भय. खालीं उभ्या असलेल्या धाकट्यास हांक मारणें हा आपल्या घरांतील रूढ उपाय. परंतु तो त्याच क्षणीं क्रिकेटचा सामना पाहावयास पसार झालेला असतो!

कारागीरवर्गानें हा प्रश्न आपापल्या परीनें फार पूर्वींच सोडविलेला आहे. सुतार पेन्सिल कानावर ठेवतो. शिंपी टेप गळ्यांत अडकवितो. टाचण्यांची चिमुकली गादी मनगटास बांधण्याची चालही शिवणकाम करणारांत जुनी आहे. खुर्च्या-कोचांना कापड चढविणारे कांहीं कारागीर चुंबकीय तोंडाची हातोडी वापरतात. बारीक चूक तिच्या टोंकास आपोआप चिकटते, व दुसरा हात कापड ताणण्यास मोकळा राहतो. या सर्वांतील इंगित एकच : लागणारी वस्तु आणण्यासाठीं हातास दूर जावें लागूं नये. मनगटावरील चुंबक-पट्टा हा याच युक्तीचा अलीकडील अवतार होय.

त्याची रचना अगदीं साधी आहे. जाड नायलॉनच्या दुपदरी पट्ट्यांत लहान लहान चुंबक ओळीनें शिवून टाकलेले असतात, आणि टोंकांस वेल्क्रो असल्यामुळें पट्टा कोणत्याही मनगटास बेताचा बसतो. खिळे, स्क्रू, नट, वायसर, गिरमिटाचीं पातीं, सुया, टाचण्या अशा वस्तु त्यावर ठेवल्या कीं तेथेंच चिकटून राहतात. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्यानें कमी होते. म्हणून वरचें कापड मजबूत तर हवेंच, पण फार जाड असून चालत नाहीं.

लोहचुंबकाचा उपयोग आपणांस नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीरांत रुतलेलें शल्य काढण्याचे जे पंधरा उपाय दिले आहेत, त्यांत अयस्कांताची, म्हणजे लोहचुंबकाची, गणना आहे. तथापि नैसर्गिक चुंबकाची शक्ति त्याच्या वजनाच्या मानानें थोडी. अंगावर वागविण्याजोगा हलका आणि तरीही जोरकस चुंबक हातीं येण्यास फार काळ जावा लागला. इ. स. १९८३ च्या सुमारास जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांच्या मिश्रणाचा चुंबक सिद्ध केला. तेवढ्याच आकाराच्या साध्या काळ्या चुंबकापेक्षां त्याची शक्ति कित्येक पट अधिक असते. त्यामुळेंच गुंडीएवढ्या तुकड्यास मूठभर खिळे तोलतां येऊं लागले.

पट्टा वापरतांना कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उजव्या हातानें काम करणारानें तो डाव्या मनगटावर बांधावा, म्हणजे उजवा हात सहज तेथें पोंचतो. पितळ, तांबें व ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढीत नाहीं. म्हणून बिजागरीचे पितळी स्क्रू पट्ट्यावर ठेवण्यांत अर्थ नाहीं. पोलादाच्या न गंजणाऱ्या कांहीं जातींचेंही तसेंच आहे. चुंबक त्यांना फारसा धरीत नाहीं. पक्कड किंवा हातोडी यांसारखें जड हत्यार पट्ट्यावर विसंबून ठेवूं नये. वरून निसटलें तर खालीं शिडी धरून उभ्या असलेल्याच्या डोक्यांत पडावयाचें. धारेचीं पातींही मनगटाच्या शिरांजवळ नकोत. विजेचें काम असल्यास आधीं मुख्य बटण बंद करावें, व तरीही पट्टा काढूनच ठेवावा, कारण त्यावर लोंबणारा खिळा विजेस वाट करून देतो. फिरत्या यंत्राजवळ तर मनगटावर कांहींच बांधलेलें नसावें.

चावीचें घड्याळ व हा पट्टा एकाच हातावर बांधूं नये. घड्याळांतील केसासारख्या बारीक स्प्रिंगेचे वेढे चुंबकत्वानें परस्परांस चिकटतात, व घड्याळ भलतेंच पुढें धांवूं लागतें. काळी चुंबकीय पट्टी असलेलीं बँकेचीं कार्डेंही दूर असावींत. पट्टा उकळत्या पाण्यांत घालूं नये व त्यावर इस्त्री फिरवूं नये. या जातीचे साधारण प्रतीचे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले तर त्यांची शक्ति कायमची उणावूं लागते. त्यास चिकटलेला लोखंडाचा बारीक कीस चिकटपट्टीनें टिपून घ्यावा, बोटांनीं पुसूं नये.

येथपर्यंतचा विचार एकट्या कारागिरास पुरेसा झाला. परंतु आपल्या घरांत पट्टा बांधणारा एकटा नसतो. त्याच छपराखालीं आजोबा असतात आणि रांगणारें मूलही असतें; या दोघांच्या दृष्टीनें पट्ट्याकडे पाहिल्यावांचून तो घरांत आणूं नये.

आजोबांच्या छातींत पेसमेकर बसविलेला असेल, तर त्या यंत्राजवळ जोरकस चुंबक आल्यानें तें हृदयाची गरज पाहून चालण्याचें सोडून एका ठराविक गतीनें ठोके देऊं लागतें. संकटसमयीं झटका देऊन हृदय सांवरणारें यंत्र असल्यास, चुंबक जवळ असेपर्यंत तो झटका मिळणेंच थांबूं शकतें. चुंबक दूर होतांच यंत्र बहुधा पूर्ववत् चालूं लागतें. पण ती वेळ कोणती असेल याचा नेम काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२१ सालीं फोन व घड्याळें यांतील चुंबकांविषयीं निदान सहा इंचांचें, म्हणजे सुमारें १५ सेंटिमीटरांचें, अंतर राखण्यास सांगितलें आहे. हाच नियम या पट्ट्यासही लावावा. पट्टा बांधलेल्या हातानें आजोबांस आधार देऊन उठवूं नये, आणि असें यंत्र बसविलेल्या मनुष्यानें स्वतः तर तो बांधूंच नये.

मुलांचा धोका याहून भयंकर आहे. जुन्या पट्ट्याची शिवण उसवली तर आंतील चकचकीत चुंबक खालीं पडतात, आणि रांगत्या मुलास जें दिसेल तें तोंडांत घालण्याची हौस! दोन चुंबक, किंवा एक चुंबक व एक खिळा, मागें-पुढें पोटांत गेले, तर आंतड्याच्या निरनिराळ्या वेढ्यांतून ते एकमेकांस ओढून धरतात. मध्यें चेपल्या गेलेल्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि आंतड्यास भोंक पडून जीवावर बेततें. प्रारंभीं मूल हसत-खेळत असतें, म्हणून घरचीं माणसें निश्चिंत राहतात. असा नुसता संशय आला तरी घरगुती औषध न देतां, उलटी काढण्याचा यत्न न करतां, मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें व चुंबकाचा संशय डॉक्टरांस स्पष्ट सांगावा.

म्हणून प्रत्येक वेळीं पट्टा बांधण्यापूर्वीं शिवण बोटांनीं चांचपून पाहावी, आणि उसवलेली दिसल्यास तो घरीं सांधत न बसतां सरळ टाकून द्यावा. तोही उघड्यावर नव्हे, तर घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून. काम संपतांच त्यावरील खिळे मोजून डब्यांत भरावे; जितके घेतले तितके परत आले कीं नाहीं, हें पाहण्याची संवय मुलाबाळांच्या घरांत फार मोलाची आहे. त्यानंतर पट्टा खुंटीस न अडकवितां कुलपाच्या कपाटांत ठेवावा, आणि किल्ली घरांतील एकाच जबाबदार माणसाकडे असावी. एवढी शिस्त पाळणाऱ्या घरांत हा पट्टा खुशाल आणावा. शिडीवर चढणारास त्याचें साह्य पहिल्याच दिवशीं कळून येईल.