विजेच्या खांबांची अक्षरओळख

आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या मुलाला बाहेरच्या तारा भुरळ घालतात. त्या हळूहळू खाली झुकतात, पुन्हा वर चढतात आणि खांब आला की पुन्हा झुकू लागतात. मोठेपणी मात्र आपण त्यांच्याकडे पाहण्याचे सोडून देतो. छायाचित्र काढताना तर तारा चौकटीबाहेर कशा राहतील, हीच चिंता! वास्तविक, थोडी अक्षरओळख झाली तर प्रत्येक खांब वाचता येतो.

प्रथम तारा जिथे टांगलेल्या असतात, तिथल्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या चकत्या मोजाव्यात. दाब जितका अधिक, तितकी चकत्यांची माळ लांब. १ लाख ३२ हजार व्होल्टच्या वाहिनीवर साधारण नऊ-दहा चकत्या असतात, तर ४ लाखांच्या वाहिनीवर वीस-बावीसहून अधिक. सर्वांत वरची बारीक तार वीज पुरवीत नाही. ती आकाशातून कोसळणारी वीज झेलून जमिनीत पोहोचवते. मनोऱ्यांजवळ तारेखाली डंबेलसारखी लहान वजने दिसतात. वाऱ्यामुळे तारेला सुटणारा कंप ती शमवतात. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, म्हणून झोळ वाढलेला दिसतो.

आपल्या देशात ही लिपी शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रमची वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना अशाच तारांवरून पोहोचली.

आता छायाचित्रणाविषयी. घराजवळचा एक खांब निवडावा आणि दर महिन्याला एकाच जागेवरून, सुरक्षित अंतरावरून, त्याचे चित्र घ्यावे. सकाळी वा संध्याकाळी उजळ आकाशापुढे त्याची आकृती स्पष्ट उमटते. मुलांना सोबत घ्यावे व चित्राखाली तारीख लिहावी. वर्षाअखेरीस सारी चित्रे शेजारी ठेवली, की तारेकडे सरकणारी फांदी, कावळ्याचे घरटे किंवा कललेला खांब आपोआप ध्यानात येतो.

चित्रांत पक्षीही येतील. एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला धोका नसतो. परंतु मोठ्या पंखांचा पक्षी दोन तारांना एकाच वेळी स्पर्श करील, तर त्याचा प्राण जातो. राजस्थानातील माळढोकावर याहून वेगळे संकट आहे. अंगाने जड आणि समोरचे कमी दिसणारा हा दुर्मीळ पक्षी उडताना तारांवर आदळतो. म्हणून तारांना चमकत्या चकत्या लावून त्या दुरून दिसतील अशी योजना केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या प्रश्नी निर्देश दिले आणि २०२४ साली ते बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. या उघड्या तारांना बहुधा हवेखेरीज दुसरे आवरण नसते. खांबावर चढू नये, ताणतारेला हात लावू नये, वाहिनीजवळ पतंग उडवू नये. तार तुटून पडली असेल, तर चित्रासाठीसुद्धा जवळ जाऊ नये. सर्वांना दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर किंवा स्थानिक वीज कार्यालयात ताबडतोब कळवावे. ज्याने खांब वाचायला शिकून घेतले, त्याला तारेत झालेला बदल इतरांच्या आधी दिसतो. आणि वेळेवर दिलेली ती एक वर्दी कुणाचा तरी जीव वाचवू शकते.