गवताळ मुलखातील वस्ती : ‘वाडी’ आणि ‘पाडा’

विरार स्थानकाच्या पूर्वेस, जीवदानीचा डोंगर आणि पापडखिंड धरण यांच्या परिसरात फुलपाडा ही वस्ती आहे. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ती येते. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ती पालघर जिल्ह्यात मोडते. इमारती आणि दुकाने यांच्या गर्दीत वस्तीचे मूळ रूप सहज दिसत नाही. तथापि तिच्या नावातील ‘पाडा’ हे पद एका विशिष्ट वसाहतप्रकाराची खूण आहे. या वसाहतप्रकाराला मराठी साहित्यविचारात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न ग्रामीण साहित्याच्या अभ्यासात सहसा उपस्थित होत नाही. त्याची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्कृत कोशांत ‘पाटक’ म्हणजे गावाचा एक भाग. त्याच कुळातील ‘पाडा’ हा शब्द बंगालीत मोहल्ल्यासाठी, तर गुजरातीत ‘पाडो’ या रूपाने जुन्या शहरांतील गल्लीवस्तीसाठी रूढ आहे. उत्तर कोकणात तो वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी इत्यादी आदिवासी जमातींच्या छोट्या वस्तीला लावला जातो. एका महसुली गावात असे अनेक पाडे असतात. दप्तरात नाव गावाचे येते. माणसे मात्र पाड्यावर राहतात. म्हणजे पाडा हा अर्थानेच ‘भाग’ आहे. दुसऱ्या कशाचा तरी अंश म्हणूनच त्याची गणना होते. फुलपाड्याच्या बाबतीत ‘कशाचा अंश’ या प्रश्नाचे उत्तर आता ‘शहराचा’ असे झाले आहे, इतकेच.

मराठी साहित्यातील ‘गाव’ या कल्पनेची घडण वेगळी आहे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, चावडी, वेस आणि गावठाण यांनी बांधलेल्या देशावरील गावाचे चित्र रेखाटले. पुढे ग्रामीण कथा-कादंबरीने आणि १९७५ नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीने प्रामुख्याने याच गावाचे विघटन चित्रित केले. या चौकटीत न बसणारी वस्ती म्हणजे गवताळ मुलखातील छोटी वस्ती होय. तिची दोन रूपे मराठीत आढळतात : पर्जन्यछायेच्या माळावरील ‘वाडी’ आणि अतिपावसाच्या प्रदेशातील ‘पाडा’.

पहिल्या रूपाचा उत्कृष्ट आविष्कार व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत झाला आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या या वाडीत राजाराम हा तरुण शिक्षक येतो. मुले मेंढरांमागे माळावर गेलेली असतात, म्हणून शाळा भरत नाही. कारभाऱ्याचा विश्वास संपादन करून तो शाळा चालवतो, तालमीची इमारत उभी राहते, राजेसाहेब वाडीला भेट देतात. त्यानंतर दुष्काळ पडतो. गवत आणि पाणी संपते तशी माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. राम देशमुख यांच्या इंग्रजी अनुवादाला ‘भिंती नसलेले गाव’ अशा अर्थाचे शीर्षक आहे, ते मार्मिक म्हटले पाहिजे. या वस्तीला वेस नाही; तिला एकत्र ठेवणारी गोष्ट गवत ही आहे. गवत संपले की वस्ती हलते, आणि हलण्याची ही मुभा हेच धनगराच्या जीवनाचे बळ ठरते.

पाड्याची स्थिती नेमकी उलट आहे. उत्तर कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे गवताची वाण नाही. परंतु गवत वाढते ती जमीन जमीनदाराची आणि सावकाराची. मुंबईतील गुरांच्या तबेल्यांना लागणारा चारा या पट्ट्यातून जात असे. पावसाळा संपला की कापणी सुरू होई; गवताचे भारे बांधून ते वखारीत पोहोचवण्याचे काम पाड्यावरील माणसांच्या माथी येई. ज्या दिवसांत आदिवासी कुळाचा स्वतःचा भात कापणीस येई, त्याच दिवसांत मालकाचे गवतही तयार होई. त्यातून वेठ आली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोला मालकाकडे राबवणारी ‘लग्नगडी’ पद्धतीही याच व्यवस्थेतील होती. वाडीवर गवताची टंचाई वस्तीला उठवते. पाड्यावर गवताची विपुलता वस्तीला जखडून ठेवते.

या जखडलेपणाचा आणि त्यातून सुटण्याच्या धडपडीचा दस्तऐवज म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार देण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी पुढे आली. संपासाठी गवतकापणीचा हंगाम निवडला गेला, यामागे अचूक व्यवहारज्ञान होते. उभे गवत वेळेत कापले नाही तर त्याचे मोल उतरते. मालकाला थांबणे परवडत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. अशा रीतीने गवताचा दर हा पाड्याच्या इतिहासातील निर्णायक प्रश्न ठरला.

दोन्ही वस्त्यांना जोडणारा आणखी एक दुवा शाळेचा आहे. बनगरवाडीच्या मास्तरापुढे जी अडचण होती, तीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे बोर्डी-कोसबाड परिसरात उभी राहिली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग ‘कुरणशाळा’ या नावाने ओळखला जातो : मुले गुरे चारतात तेथेच शाळा न्यायची. कादंबरीत शिक्षक मुलांना माळावरून शाळेकडे आणतो. येथे शाळाच कुरणात जाते. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाकडे केवळ शिक्षणविषयक अनुभवकथन म्हणून न पाहता पाड्याचे साहित्य म्हणूनही पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील प्रेअरीच्या साहित्याशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. विला कॅथर यांच्या ‘माय अँटोनिया’ (१९१८) या कादंबरीत नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात वसाहतकार येतात, ती जमीन नांगरतात आणि गवताच्या जागी पीक उभे करतात. तेथे गवत मागे सारूनच वस्ती उभी राहते. वाडी आणि पाडा यांचा निर्वाह मात्र गवतावरच असतो. म्हणून आरंभीच्या वसाहतकाराची विजयगाथा मराठीत संभवत नाही; संभवते ती स्थलांतराची अथवा सुटकेची कथा.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘बनगरवाडी’ ही कादंबरी असल्याने ती साहित्याच्या इतिहासात सन्मानाने नोंदली गेली. पाड्याचे चित्रण मात्र प्रामुख्याने आत्मपर कथन आणि कार्यवृत्तांत या रूपांत, बाहेरून तेथे गेलेल्या कार्यकर्त्यांच्या लेखणीतून आले. परिणामी ते ‘सामाजिक वाङ्मय’ या सदरात गेले आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चेबाहेर राहिले. पाड्यावरील माणसाचे स्वतःचे शब्द, त्याची लग्नगीते, कथा, गवताच्या आणि कुरणाच्या जाती सांगणारी बोली, हे सारे मौखिक परंपरेत राहिले.

फुलपाडा, मनवेलपाडा यांसारखी नावे आज शहराच्या पत्त्यांत वापरली जातात. रोज ती उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ‘पाडा’ म्हणजे काय हे सांगावेसे वाटत असेल. गावगाड्याच्या प्रतिमेने मराठी वाचकाला गावाकडे पाहण्याची दृष्टी दिली, पण त्याच प्रतिमेने गावाच्या कडेला असलेला हा ‘भाग’ झाकून टाकला. पाड्याला ग्रामीण साहित्याच्या अभ्यासात स्वतंत्र कोटी म्हणून मान्यता देणे आणि तेथील बोलीतील सामग्री जाणती माणसे हयात असतानाच नोंदवून घेणे, ही दोन्ही कामे मराठीच्या अभ्यासकांकडे आहेत. स्थलनाम टिकले म्हणजे वस्तीची स्मृती टिकली असे होत नाही. तो केवळ तिच्या शोधाचा आरंभबिंदू असतो.