तुकोबांचाही धीर सुटला होता

पावसाने दडी मारली, पेरलेले करपून गेले आणि दारात वसुलीवाला उभा राहिला, की संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात येतेच, "देव आहे तरी का?" हे कोणाजवळ बोलायची सोय नसते. वडीलधारी रागावतील, शेजारी हसतील. मग आपणच मनात खात बसतो, की आपली भक्ती खोटी.

असा दिवस आला तर देहूच्या तुकोबांकडे पाहावे. आज त्यांच्या पालखीपुढे आपण डोके टेकवतो. पण ते तुमच्याआमच्यासारखेच कुणब्याच्या घरातले. घरी शेती होती, किराणा मालाचा व्यापार होता, सावकारीही होती. आईवडील गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घर सोडून गेले आणि प्रपंचाचा सगळा भार कोवळ्या वयात तुकोबांवर पडला. त्यातच १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ आला. १९७२ चा दुष्काळ तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पाहिला असेल. त्या वेळी खडी फोडायला का होईना, सरकारी काम तरी होते. तुकोबांच्या काळी तेही नव्हते. दुकानाचे दिवाळे निघाले, लोकांतली पत गेली. पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. हे दुसऱ्या कोणी रचलेले नाही, तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हेही ते लपवत नाहीत.

(जाता जाता एक सांगतो. दुसरी बायको आवली हिच्या तोंडाळपणावर कीर्तनकार फार हशा पिकवतात. पण घरात दाणा नाही, पदराला पोरे आणि धनी डोंगरावर जाऊन बसलेला! तिने बोलू नये तर काय करावे? डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवणारी तीच होती.)

या पडत्या काळात तुकोबांनी काय केले? गावातले विठोबाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनाने घेतले. एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले. आरंभी आपले चित्त अभ्यासात नव्हते, असेही ते मोकळेपणाने सांगतात. म्हणजे हात आधी कामाला लागले, मन मागाहून आले. पुढे वडिलांच्या वेळची कर्जखते वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे महिपतीबुवांनी लिहिले आहे.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण खरी परीक्षा पुढेच होती. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना खपले नाही. अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. मग लोकांना काय, आयतेच निमित्त मिळाले. आधी कर्जखते बुडवून प्रपंच घालवला, आता वह्या बुडवून परमार्थही घालवला, असे टोमणे सुरू झाले. तुकोबा देवळासमोर शिळेवर आडवे झाले. अन्न नाही, पाणी नाही, डोळे मिटलेले. असे तेरा दिवस गेले. शेवटी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या तोंडीच होते म्हणून ते तरले, असेही काही अभ्यासक मानतात. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

मला मोलाचे वाटते ते तुकोबांचे त्यानंतरचे बोलणे. वह्या मिळाल्या म्हणून त्यांनी गावभर मिरवायला हवे होते, निंदकांना चार शब्द सुनवायला हवे होते. तसे काहीच नाही. ते शरमले. मी मोठा अन्याय केला, लोकांच्या बोलण्याने मन खवळले म्हणून देवाचा अंत पाहिला, माझ्या तहानभुकेचा भार त्याच्यावर घातला आणि माझ्यापायी त्याला पाण्यात उभे राहून कागद राखावे लागले, असे ते म्हणतात. आता कोणी मान कापली तरी देवाला असा शीण देणार नाही, असेही सांगतात.

यात कृपा कशी काम करते पाहा. अंथरुणात तापाने फणफणलेले पोर आईला लाथा झाडते, तरी ती उशाशी जागीच असते. ताप उतरल्यावर पोराला ते कळते आणि ते तिच्या कुशीत तोंड लपवते. तुकोबांचे तसे झाले. देवाने त्यांचा हट्ट आणि राग मोजला नाही. पुढे त्यांच्या वाणीत जो ठामपणा दिसतो तो या तेरा दिवसांतून आला, असे मला वाटते. आणि डळमळीचे ते अभंग त्यांनी गाळून टाकले नाहीत. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या गाथेत देवाशी भांडणारे, त्याला निष्ठुर म्हणणारे अभंग जागोजागी सापडतात. ते आजही टाळमृदंगावर म्हटले जातात.

दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले तेही बरे झाले, असेही तुकोबा एके ठिकाणी देवाला म्हणतात. मात्र हे त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटले आहे, आणि तेही मागे वळून पाहताना. ज्याच्या घरात नुकतेच काही विपरीत घडले आहे त्याच्या ओसरीवर बसून हा अभंग सांगू नये. तिथे जाताना पायलीभर जोंधळे न्यावेत.

राहिले रामेश्वर भट. तुकोबांना छळणारा हा विद्वान पुढे त्यांच्याच पायाशी आला आणि त्यांचा शिष्य झाला. आपण टाळ्या वाजवत तुकोबांची जी आरती म्हणतो, ती त्यांनीच रचलेली आहे. पुढच्या वेळी म्हणताना शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या, त्यात त्यांचे नाव येते.